चौथं पान मागच्या बाजूला

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर एक खोली आहे. डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. लांबट खोली, सहा टेबलं, सहा खुर्च्या, भिंतीवर गोल घड्याळ. प्रत्येक टेबलाशी एक मोठं माणूस परीक्षेला बसल्यासारखं कागदात डोकं खुपसून बसलं आहे. आता कोपऱ्यात बघा. तिथे एका उंच स्टुलावर दहा वर्षांची मुलगी आहे. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मांडीवर वही आहे, हातात पेन्सिल. सगळे जण कागदाकडे बघत आहेत, आणि ती त्या सगळ्यांकडे बघते आहे.

तिला घरात भिंगू म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. जमिनीवर पडलेली टाचणी, शेजाऱ्यांच्या दाराला लागलेला नवा स्क्रू, बाबांच्या मिशीतला पहिला पांढरा केस, हे सगळं आधी तिला दिसायचं. केसाचं तिने भर पाहुण्यांत जाहीर केलं होतं. तेव्हापासून ती भिंगू.

खोली होती तिच्या आईच्या विद्यापीठातली. कुणी बेडकांचा अभ्यास करतं, कुणी ताऱ्यांचा. भिंगूची आई कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसांचा अभ्यास करायची. बाबा म्हणायचे, “त्यापेक्षा बेडूक बरे. पत्रं पाठवावी लागत नाहीत.”

आता ती सहा माणसं काय करत होती ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आईला एक प्रश्न पडला होता. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या असतील, तर हातात तपासयादी असलेली बरी, की आपलं आपण वाचलेलं बरं? तपासयादी म्हणजे दहा प्रश्नांचा एक कागद: हे पाहिलंत का, ते पाहिलंत का. उत्तर शोधायला आईने लिफ्ट चालवणारा एक प्रोग्रॅम घेतला आणि त्यात मुद्दाम बारा चुका पेरल्या. एका चुकीमुळे लिफ्टला तळमजला नावाची गोष्टच माहीत नव्हती. दुसरीमुळे ती दार उघडं ठेवूनच वर निघायची. शनिवारी चाळीस प्रोग्रॅमर येणार होते. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करायचे. विसांना यादी द्यायची, विसांना नाही. बाकी सगळं सारखं ठेवायचं: प्रोग्रॅम तोच, वेळ तेवढाच, खुर्च्यासुद्धा सारख्या.

“फरक एकच ठेवायचा,” आई म्हणायची. “मग शेवटी जो फरक दिसेल, तो त्या एकामुळेच पडला असं म्हणता येतं. चुकून दुसरा फरक घुसला, तर सगळं मुसळ केरात.”

आणि हे एकदाच करता येणार होतं. ज्याने तो प्रोग्रॅम पाहिला, त्याला पुन्हा तोच देऊन काय उपयोग? उत्तर माहीत असलेलं कोडं कुणी सोडवत नाही. ते चाळीस जण मिळवायला आईने सहा महिने कंपन्यांना पत्रं लिहिली होती.

पण हा गुरुवार होता आणि खोलीत सहाच जण होते, कारण हा खरा प्रयोग नव्हता. खऱ्याच्या आधी आई छोटा प्रयोग करून बघायची. त्याला ती पायलट म्हणायची.

“रंगीत तालीम समज,” तिने आदल्या दिवशी भिंगूला सांगितलं होतं. “तिघांना यादी, तिघांना नाही. तू कोपऱ्यात बसायचं आणि कोण काय करतं ते लिहायचं. डोकं खाजवलं तरी लिही. पाणी मागितलं तरी लिही.”

“मग या सहा जणांना किती चुका सापडल्या, ते तू तुझ्या निबंधात घालणार?”

“नाही गं. पायलटचे आकडे धरत नाहीत. टाकून देतात ते.”

आई पुढे आणखी काही सांगणार होती, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. भिंगूला अर्धंच ऐकायला मिळालं, आणि ते अर्धंच तिच्या मनात काट्यासारखं रुतलं.

का रुतलं, ते कळायला ताईबद्दल सांगावं लागेल.

ताई म्हणजे भिंगूची आतेबहीण. वय पंधरा. तिचे आईबाबा घर बदलत होते, म्हणून दोन महिन्यांसाठी ती मामाकडे, म्हणजे भिंगूच्या घरी, राहायला आली होती. आली ती भिंगूच्या खोलीत. खिडकीजवळचा पलंग तिला मिळाला, कारण “पाहुणी आहे ना.” टेबलाचा मोठा खण तिला मिळाला, कारण “तिची पुस्तकं जाड आहेत.” इथवर भिंगूने चालवून घेतलं. पण ताई स्वतः प्रोग्रॅम लिहायची. एकदा जेवताना ती म्हणाली, “मामी, माझा प्रोग्रॅम आज पहिल्या फटक्यात चालला. मला तर भीतीच वाटतेय.” यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. भिंगूने बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. “मलाही नाही कळलं,” ते हळूच म्हणाले. “तू वाटाणे संपव.”

भिंगूने वाटाणे संपवले. आईला असं हसवणं तिला कधी जमलं नव्हतं. आई तिला बघून हसायची, गाल ओढायची, पण ते हसणं वेगळं. ते छोट्या मुलीला बघून हसणं होतं.

ताईचं अक्षरही बघण्यासारखं होतं. वाण्याची यादी लिहिली तरी छापल्यासारखी. भिंगूचं अक्षर मात्र एका ओळीत नांदायला तयार नसायचं. बाई वहीवर नेहमी लिहायच्या, ‘विचार चांगले. वाचायला त्रास झाला.’

आणि मग बुधवारी आईने कामं वाटली. शनिवारचा खरा प्रयोग दोन खोल्यांत होणार होता. एका खोलीत आई थांबणार. दुसऱ्या खोलीत वेळ बघायला ताई.

“आणि मी?” भिंगूने विचारलं.

“तू उद्या पायलटला आहेस की.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी तू आणि बाबा. खोलीत माणसं जितकी कमी तितकं बरं असतं, राणी.”

म्हणजे ताईला खरं, मला खोटं. ताईचं ठेवायचं, माझं टाकायचं. भिंगूने हा हिशेब मनातल्या मनात इतक्या वेळा केला, की रात्री दात घासताना तिने पेस्टच्या जागी बाबांचं दाढीचं क्रीम लावलं. थुंकतानासुद्धा तिला राग ताईचाच आला.

तरी गुरुवारी ती स्टुलावर बसली, आणि एकदा बसल्यावर तिला नीट बघितल्याशिवाय राहवेना. माणसांची नावं लिहायची नव्हती, म्हणून तिने आपल्या मनानेच त्यांना नावं दिली. हिरवा स्वेटर, टक्कल आणि पेनचावू या तिघांकडे तपासयादी होती. दाढी, खोकला आणि लाल मोजे या तिघांकडे नव्हती. तिने लिहिलं: ‘खोकला: पाणी मागितलं.’ ‘टक्कल: डोकं खाजवलं. केस नाहीत तरी.’

मग चाळीस मिनिटं झाल्यावर तिला एक गंमत दिसली.

प्रोग्रॅमचे कागद टाचलेले होते. पहिलं पान, दुसरं, तिसरं, सगळी एकाच बाजूने छापलेली. पण प्रोग्रॅम चार पानांचा होता. एका पानासाठी आणखी एक कागद कशाला, म्हणून काटकसरी आईने चौथं पान तिसऱ्याच्या मागे छापलं होतं. आणि तिसरं पान असं छान संपत होतं, की आता झालंच असं कुणालाही वाटावं.

दाढी तिसऱ्या पानाच्या तळाशी पोचला, पेन ठेवलं आणि घड्याळ बघत बसला. खोकल्याने तिसरं पान संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. लाल मोजेवाल्या बाईंनीही तेच केलं. हिरव्या स्वेटरच्या बाईही तिसऱ्या पानावर थांबल्या होत्या, पण त्यांच्या यादीत शेवटचा प्रश्न होता: ‘लिफ्टचं दार बंद करणारा भाग तपासलात का?’ त्यांनी दार शोधलं. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. मग त्यांनी कागद उलटला, मागे पाहिलं आणि स्वतःशीच हसल्या. टक्कलने तसंच केलं. पेनचावूनेही.

भिंगूने सगळं लिहून घेतलं. कोणी उलटलं, कोणी नाही.

दुपारी लोक गेल्यावर आईने आपल्या खोलीत सहा जणांचे कागद तपासले. ताई शेजारी बसून आकडे लिहीत होती. भिंगू दाराशी वही छातीशी धरून उभी होती.

“यादीवाले: नऊ, दहा, नऊ,” ताई म्हणाली. “बिनयादीवाले: सहा, सात, सहा.”

“आणि बघ ना,” आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “दाराच्या तीन चुका यादीवाल्या तिघांनाही सापडल्या. बाकीच्यांना एकही नाही. यादीमुळे नजर बरोबर जागी जाते. मला वाटलंच होतं.”

नजर नाही, पान, असं भिंगूच्या अगदी ओठांवर आलं. दाराच्या तिन्ही चुका चौथ्या पानावर होत्या. बाकीच्यांची नजर चुकली नव्हती. त्यांना ते पान आहे हेच माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

त्याच क्षणी आईने खणातून एक कार्ड काढलं. निळ्या दोरीचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘प्रयोग साहाय्यक’. ते तिने ताईच्या गळ्यात घातलं आणि दोरी नीट केली, अगदी भिंगूची कॉलर नीट करायची तशी.

“शोभतंय,” आई म्हणाली. मग दाराकडे वळली. “भिंगू, तुझ्या वहीत काही विशेष? बदलायला हवं असं काही?”

भिंगूने कार्डाकडे पाहिलं. ताई खाली मान घालून ते वाचत होती, आणि तिच्या गालाला खळी पडली होती.

“काही नाही,” भिंगू म्हणाली. “सगळे नुसते बसले होते.”

त्या संध्याकाळी तिने वही उशीच्या अभ्र्यात घातली. शनिवारी गंमत होईल, ती मनाशी म्हणाली. ताईच्या खोलीत काहीतरी बिघडेल. सगळे म्हणतील, वेळ बघायला कुणाला ठेवलं होतं? मग आई म्हणेल, भिंगूलाच ठेवायला हवं होतं. हे चित्र तिने तीन-चार वेळा पुन्हापुन्हा पाहिलं. पहिल्यांदा फार बरं वाटलं. चौथ्यांदा तितकं नाही. उशीतली वहीही टोचायला लागली होती.

शुक्रवारी आईने दोघींना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवलं. चाळीस प्रती काढायच्या होत्या. दुकानातले काका मोठ्या चष्म्याचे आणि कमी बोलण्याचे. त्यांनी मूळ कागद घेतले.

“शेवटचं पाठपोट?” त्यांनी विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. “पायलटला होतं अगदी तसंच. मामीने सांगितलंय, आता काहीच बदलायचं नाही.”

आता बोल, भिंगूच्या आत कुणीतरी म्हणालं. तिने काउंटरवरच्या टाचण्या मोजायला घेतल्या.

काकांनी एकच प्रत काढली. ती उजेडात धरली, पुढून पाहिली, मागून पाहिली. कागदावर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ आली होती. त्यांनी मशीन उघडून काच फडक्याने पुसली, ती प्रत चुरगाळून टोपलीत टाकली आणि मग चाळीस प्रती काढायला लावल्या.

“फुकट गेली ती,” भिंगू म्हणाली. का कोण जाणे, तिला त्या कागदाचं वाईट वाटलं.

“फुकट?” काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “काच पुसायला हवी हे मला कुणी सांगितलं? तिनेच ना? ती टाकली म्हणून या चाळीस टाकाव्या लागणार नाहीत.”

“पण तिला टोपलीतच जावं लागलं.”

“कागद टोपलीत गेला,” काका म्हणाले. “रेघ माझ्या लक्षात राहिली. बास की.”

घरी येताना ताईने गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. “तू दमलीस का? गप्प आहेस,” तिने विचारलं. भिंगू म्हणाली, “तुझ्या बुटाची लेस सुटलीय.” ती खरंच सुटली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आई आणि ताई जेवणाच्या टेबलावर कागद पाकिटांत भरत होत्या. भिंगू पाण्याचा ग्लास घेऊन दाराबाहेरच्या बोळकंडीत उभी होती. तिला चोरून ऐकायचं नव्हतं, पण पावलंच पुढे जाईनात.

“मामी, आपण भिंगूची वही एकदा बघायची का?” ताई विचारत होती. “तिने काहीतरी खूप लिहिलं होतं. मी बघितलं, पानं भरली होती.”

“ती काही नाही म्हणाली ना,” आई म्हणाली.

“हो, पण तरी...”

“अगं, तुला माहीत नाही ती कशी बघते ते. माझ्या डोळ्यांवर माझा नसेल इतका तिच्या डोळ्यांवर विश्वास आहे. म्हणून तर तिला पायलटला बसवलं. चुका असतात त्या तिथेच सापडतात. शनिवारी काय, शनिवारी फक्त घड्याळ बघत उभं राहायचं. भिंगू काही नाही म्हणाली, म्हणजे काही नाही.”

 भिंगूने हातातला ग्लास खाली ठेवला.

आता तिला पूर्ण कळलं, आणि जे कळलं ते तिच्या चित्रापेक्षा फार वेगळं होतं. शनिवारी काहीच बिघडणार नव्हतं. कुणी ताईला बोल लावणार नव्हतं. यादीवाले वीस जण पान उलटणार, बाकीचे तिसऱ्यावर थांबणार, आकडे छान येणार. आई आनंदाने निबंध लिहिणार, लोक तो वाचून आपापल्या ऑफिसात तपासयाद्या आणणार, आणि ते सगळं एका पाठपोट छापलेल्या कागदामुळे. आईचं उत्तर खोटं असणार, आणि आईला ते कधीच कळणार नाही. ते जगात एकट्या भिंगूला माहीत असणार. ताईला नाही. भिंगूला.

ती खोलीत गेली. बोलायचं होतं, पण एक दिवस दाबून ठेवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड असतं. तुम्ही कधी करून पाहिलंय का? पाहिलं असेल तर मला सांगायला नको. जेवताना तिने दोनदा “आई” म्हटलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं.

“भिंगू, तुझ्या ताटात आता समुद्र झालाय,” बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी बाबांनी सगळ्यांना विद्यापीठात पोचवलं. सुट्टीचा दिवस होता. इमारतीत शुकशुकाट होता. खाली दाराशी चार-पाच लोक चहाचे कप घेऊन आधीच येऊन थांबले होते. दहाला प्रयोग सुरू व्हायचा होता आणि घड्याळात नऊ वीस झाले होते. बाबांनी पाकिटांचं खोकं वरच्या खोलीत नेऊन ठेवलं. ताईने कार्ड गळ्यात घातलं.

“चला, आपण दोघं निघू,” बाबा भिंगूला म्हणाले.

भिंगू हलली नाही. तिने स्वेटर वर केला आणि पोटाशी खोचलेली वही बाहेर काढली.

“आई, ही बघ.”

“आत्ता? दुपारी बघते हं, राणी.”

“आत्ताच बघ. पाकिटं वाटल्यावर उपयोग नाही.”

तिच्या आवाजात असं काही होतं, की आईने हातातलं सगळं खाली ठेवलं. वही उघडली. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता सावकाश खोक्याशेजारच्या खुर्चीवर बसली.

“हिरवा स्वेटर,” तिने मोठ्याने वाचलं. “पान तीन संपलं. यादी बघतेय. दार शोधतेय. पान उलटलं. हसली.” तिने बोट खाली नेलं. “दाढी. पान तीन संपलं. पेन ठेवलं. हे काय आहे?”

“घड्याळ बघतोय,” भिंगू म्हणाली. “तो घ आहे.”

आईने वही मिटली, पुन्हा उघडली. “म्हणजे त्यांनी चौथं पान पाहिलंच नाही. आणि मी म्हणत बसले, यादीमुळे नजर जाते. भिंगू, मी गुरुवारी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?”

विसरले, असं सांगता आलं असतं. कळलं नाही, असंही. भिंगूने खाली बघितलं.

“तू ताईला कार्ड घातलंस म्हणून,” ती म्हणाली. “आणि माझे सहा जण टाकून देणार होतीस म्हणून.”

 ताईचा हात आपोआप कार्डावर गेला. बाबांना खिडकीबाहेर एकदम काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

“हे आपण नंतर बोलू,” आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, पण गोडही नव्हता. “आणि बोलणार आहोत, नुसतं सोडून देणार नाही. पण पाकिटं वाटायच्या आधी सांगितलंस, हेही माझ्या लक्षात राहील. आता पस्तीस मिनिटं आहेत. काय करायचं?”

“पुन्हा छापून आणू?” बाबांनी विचारलं.

“दुकान आज बंद. इथल्या प्रिंटरच्या खोलीला कुलूप.”

“मग सुरुवातीला सांगून टाका ना, मागे पण पान आहे म्हणून.”

“नको, मामा,” ताई म्हणाली. “एका खोलीत मामी सांगणार, दुसऱ्या खोलीत मी. दोघींचं सारखं होणार नाही. कुणी ऐकेल, कुणी खोकत असेल. म्हणजे पुन्हा दुसरा फरक घुसला. त्यापेक्षा कागदावरच लिहू. तिसऱ्या पानाच्या खाली, चाळीसच्या चाळीस कागदांवर.”

“एकाच हाताने,” आई म्हणाली. “निम्मी तू, निम्मी मी असं नको. सगळ्यांना हुबेहूब एकसारखं दिसलं पाहिजे. मला खाली जाऊन लोकांची नावं घ्यायची आहेत.” तिने आपल्या पर्समधलं काळं पेन काढलं आणि एक क्षण दोन मुलींकडे पाहिलं. मग ते भिंगूपुढे धरलं. “तू शोधलंस. तू लिही.”

ती खाली गेलीसुद्धा. पेन भिंगूच्या हातात राहिलं.

हे पेन आई कुणाला देत नसे. सही करायचं पेन होतं ते. गुरुवारपासून, खरं म्हणजे ताई घरात आली त्या दिवसापासून, भिंगूला जे हवं होतं ते आता तिच्या मुठीत होतं. खरा प्रयोग, खरे कागद, चाळीस माणसं, आणि प्रत्येकाच्या कागदावर तिचं अक्षर. ताई शेजारी उभी होती. तिने पेन मागितलं नाही.

भिंगूने पहिलं पाकीट ओढलं. मग थांबली. खोक्याच्या तळाशी एक कोरा कागद होता, तो तिने आधी घेतला. त्याच्या खालच्या कडेला, जीभ दातांत धरून, जमेल तितकं सावकाश लिहिलं: ‘मागे पान ४ आहे.’ मग तो कागद घेऊन ती खिडकीपाशी गेली.

“बाबा, वाचा. मी काय लिहिलंय ते मी सांगणार नाही.”

बाबांनी कागद लांब धरला. मग जवळ आणला. मग चष्मा वर केला. “मागे पान...” ते म्हणाले. “हा चार आहे ना गं? का आठ?”

“चार.”

“मग चारच,” बाबा घाईघाईने म्हणाले. “नीट पाहिलं की कळतं.”

पण खाली जमणाऱ्या चाळीस जणांपैकी सगळे काही बाबा नव्हते. भिंगूने कागद परत घेतला आणि त्या आकड्याकडे ती जरा वेळ बघत राहिली, झेरॉक्सवाल्या काकांनी रेघेकडे पाहिलं होतं तशी.  डोळ्यांत काहीतरी आलं, ते तिने स्वेटरच्या बाहीला पुसलं.

मग तिने तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला, पेन ताईच्या हातात दिलं, आणि पहिलं पाकीट उघडून तिसरं पान तिच्यासमोर सपाट धरलं.